सापशिडीचा दुसरा भाग: एका खेळाचं वरून खाली उत्खनन

‘सापशिडी हा खेळ संत ज्ञानेश्वरांनी तयार केला’ हा मेसेज तुमच्या फोनवर एकदा तरी आला असेल. नेवासा आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं, त्यामुळे आमच्याकडे तो जरा जास्तच अभिमानाने पुढे पाठवला जातो.

आता समजा, तुम्ही भारतीय खेळांचा इतिहास हा पीएच.डी.चा विषय घेतलात आणि सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर हे वाक्य टाकलंत. मुलाखतीत समितीचा पहिला प्रश्न येणार, ‘पुरावा काय?’ बरं, घाबरून तुम्ही ‘ही केवळ दंतकथा आहे’ असं लिहिलंत, तर दुसरा प्रश्न तयार आहे, ‘मग हा खेळ आला कुठून, आणि ही कथा लोकांना का हवीशी वाटते?’ दोन्ही बाजूंनी अडचण. पेट, नेट किंवा सिनॉप्सिसच्या तयारीत असलेल्या प्रत्येकाला आपल्या विषयात असा एक दावा भेटतोच. तो स्वीकारायचाही नाही आणि झटकायचाही नाही, तर मग करायचं काय?

या लेखात मी त्यासाठी एक वाट सुचवणार आहे, आणि ती व्हिडिओ गेमच्या ‘दुसऱ्या भागा’वरून जाते. ऐकायला विचित्र वाटेल, पण थोडं पुढे वाचा.

दुसरा भाग बनवणारे नेमकं काय करतात?

एखादा गेम गाजला की त्याचा दुसरा भाग काढायचं ठरतं. पहिल्या वेळी बनवणाऱ्यांकडून कुणाची काही अपेक्षा नसते. दुसऱ्या वेळी खेळणारा आठवणी घेऊन येतो. त्याला तेच हवं असतं आणि नवीनही हवं असतं. त्यामुळे टीमला तीन याद्या कराव्याच लागतात: काय ठेवायचं, काय काढायचं, काय नवं घालायचं. या याद्या करताना कळतं की पहिला गेम लोकांना नेमका कशामुळे आवडला, याबद्दल आपलीच खात्री नाही. चित्रांमुळे? नियमांमुळे? की अवघडपणामुळे?

याचं सगळ्यात गमतीशीर उदाहरण निन्टेन्डोचं आहे. १९८५ मध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आला आणि तुफान चालला. १९८६ मध्ये जपानमध्ये त्याचा दुसरा भाग आला. रूप जवळपास तेच, नियम तेच, फक्त फार अवघड. पहिला भाग कोळून प्यायलेल्यांसाठीच जणू बनवलेला. अमेरिकेतल्या खेळाडूंना तो झेपणार नाही असं कंपनीला वाटलं. मग १९८७ चा ‘डोकी डोकी पॅनिक’ नावाचा एक वेगळाच जपानी गेम घेतला, त्यातली पात्रं काढून तिथे मारिओ आणि मंडळी बसवली, आणि १९८८ मध्ये तो अमेरिकेत ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ म्हणून विकला. पुढे हा अमेरिकन भाग १९९२ मध्ये ‘सुपर मारिओ यूएसए’ नावाने जपानला परत गेला, आणि जपानी दुसरा भाग १९९३ मध्ये ‘द लॉस्ट लेव्हल्स’ नावाने अमेरिकेत पोचला.

म्हणजे एका नावाचे दोन वेगळे गेम, आणि एका गेमची दोन वेगळी नावं. तीनशे वर्षांनी एखाद्या संशोधकाच्या हाती फक्त नावांची यादी लागली, तर तो काय निष्कर्ष काढेल याची कल्पना करा.

यातून आपल्या कामाच्या दोन गोष्टी निघतात. एक, खेळाचं नाव, त्याचे नियम आणि त्याचा अर्थ एकत्र प्रवास करतातच असं नाही. दोन, दुसरा भाग हा पहिल्या भागाबद्दलचा पुरावा असतो. तो बनवणाऱ्याला पहिल्या भागात काय महत्त्वाचं वाटलं आणि काय अडगळ वाटली, हे तो न बोलता सांगून जातो. हेच मला या लेखात दाखवायचं आहे. सापशिडीला असे एक नाही, तीन ‘दुसरे भाग’ आहेत. ते नीट वाचले तर ज्ञानेश्वरांच्या दाव्याचं काय करायचं हेही कळतं.

नेवाशाची पद्धत

वाचायचे कसे? तर नेवाशात जसं खोदलं तसं. प्रवरेच्या काठी लाडमोड नावाचं टेकाड आहे. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात तिथे उत्खनन केलं. त्याचा अहवाल १९६० मध्ये आला. त्या अहवालाच्या नावाचा मराठीत अर्थ होतो, ‘नेवाशात इतिहासाकडून प्रागितिहासाकडे’. सर्वसाधारण पुस्तकांत आपण प्राचीनाकडून अर्वाचीनाकडे येतो. उत्खननात उलटं असतं. आधी वरचा, अलीकडचा थर येतो आणि मग खाली जावं लागतं. वरचा थर नोंदवल्याशिवाय खालच्याला हात लावायचा नाही, कारण एकदा खोदलेला थर परत रचता येत नाही.

उगमकथा तपासताना हीच शिस्त लावा. ‘पहिल्यांदा कुणी शोधलं’ इथून सुरुवात केली की आपण थेट तळाशी उडी मारतो आणि मधले सगळे थर तुडवतो. म्हणून आपण आज हातात असलेल्या सापशिडीपासून सुरुवात करू.

वरचा थर: मोबाइल

सगळ्यात वर आहे फोन. नवी मुंबईच्या गेमशन कंपनीचा ‘लुडो किंग’ २०१६ मध्ये आला. त्यात लुडोबरोबर सापशिडीही खेळता येते. २०२० च्या टाळेबंदीत घराघरांत तो पोचला, हे वेगळं सांगायला नको.

आता तीन याद्या करू. काय ठेवलं? पट, साप, शिड्या, एक ते सहाचा फासा. काय नवं घातलं? दूरच्या माणसाबरोबर खेळायची सोय, आणि समोर कुणी नसेल तर संगणक. काय काढलं? हात. फासा आता आपण टाकत नाही, स्क्रीनवर बोट लावतो आणि आकडा प्रोग्रॅम ठरवतो. बदल छोटा दिसतो, पण बघा, मोबाइलवर लुडो किंवा सापशिडी खेळणारा जवळजवळ प्रत्येक जण कधी ना कधी म्हणतो, ‘हा मुद्दाम मला सहा देत नाही.’ ओट्यावर बसून खेळताना फासा नीट पडला नाही तर आपण नशिबाला किंवा समोरच्याच्या हातचलाखीला नावं ठेवायचो. आता संशय यंत्रावर गेला. दान डोळ्यांसमोर पडतं म्हणून त्यावर विश्वास बसतो, हे दान अदृश्य झाल्यावर लक्षात आलं.

हा प्रश्न फक्त चिडचिडीपुरता राहिला नाही. पैसे लावून लुडो खेळवणारं एक ॲप जुगार आहे की कौशल्याचा खेळ, हा वाद २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळच बंद केले. ‘हा खेळ नशिबाचा की बुद्धीचा’ हे वाक्य इतिहासाच्या वर्गात निरुपद्रवी वाटतं, पण कोर्टात त्याच्यावर लोकांचे पैसे अडकलेले असतात. लुडोत निदान कोणती सोंगटी हलवायची हे आपण ठरवतो. सापशिडीत तेही नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, खालच्या थरात तो परत येणार आहे.

त्याखालचा थर: अमेरिका, १९४३

१९४३ मध्ये मिल्टन ब्रॅडली कंपनीने अमेरिकेत ‘शूट्स अँड लॅडर्स’ बाजारात आणला. साप गेले, त्यांच्या जागी बागेतल्या घसरगुंड्या आल्या. पटावर लहान मुलांची चित्रं आली. चांगलं काम केलेलं मूल शिडीने वर जातं, खोड्या केलेलं मूल घसरगुंडीवरून खाली येतं.

ठेवलं काय? नियम, जसेच्या तसे. काढलं काय? सापाची भीती. आता गंमत बघा. घसरगुंडी ही मुलांना आवडणारी गोष्ट. तिच्यावरून खाली येणं ही शिक्षा कशी? चित्र बदललं, पण नियमाने चित्राला जे काम दिलं होतं ते बदललं नाही. त्यामुळे दोघांचं जुळत नाही.

गणितज्ञांना हा खेळ आवडतो, कारण त्यात खेळणाऱ्याला एकही निर्णय घ्यावा लागत नाही. तुम्ही कुठल्या घरात आहात एवढं कळलं की पुढचं सगळं फाशावर. मागे कसे आलात याला किंमत नाही. त्यामुळे एका खेळाडूला शेवटच्या घरात पोचायला सरासरी किती चाली लागतील हे अचूक काढता येतं. या अमेरिकन पटासाठी ते उत्तर चाळीसच्या आसपास येतं. खेळाच्या रचनेबद्दल बोलणारे आज हीच गोष्ट दोष म्हणून दाखवतात: ज्यात निवडच नाही तो कसला खेळ? पण दोष म्हणायची घाई करू नका. आधी हा नियम मुळात कशासाठी होता ते शोधायला हवं. म्हणून अजून खाली.

इंग्लंडचा थर

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात इंग्लंडमध्ये हा खेळ छापून विकला जाऊ लागला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या संग्रहात १८९५ च्या सुमाराचा एक छापील पट आहे. त्याचं नाव ‘किस्मत’. भारताची आठवण नावात उरली, तीही अशी.

या काळातल्या इंग्रजी पटांवर शिड्यांना आणि सापांना नैतिक नावं असत. काटकसर, पश्चात्ताप, उद्योग या शिड्या समाधान, कृपा आणि यश यांच्याकडे नेत. चैन, आज्ञाभंग आणि आळस हे साप आजारपण, बदनामी आणि दारिद्र्य यांच्याकडे. यादी वाचली की कळतं, ही व्हिक्टोरियन घरातल्या मुलांसाठी केलेली यादी आहे. काटकसर केली की यश आणि आळस केला की दारिद्र्य, हा त्या समाजाचा स्वतःबद्दलचा समज होता. जुन्या भारतीय पटांवर शिड्यांपेक्षा साप जास्त असत. इंग्रजी पटांवर दोघांची संख्या सारखी होऊ लागली. जग साधारण न्यायी आहे, असं मुलांना सांगणारा हा बदल. पुढे ही नावंही गेली आणि नुसते आकडे उरले. आपल्याकडच्या दुकानात आज मिळणारा शंभर घरांचा पट हा या इंग्रजी वंशातला. म्हणजे आपण लहानपणी जी सापशिडी खेळलो ती परदेशात जाऊन, कपडे बदलून परत आलेली आहे.

इथे एक बारीक बदल आहे जो बहुतेक लेखांत सुटतो: कवड्यांच्या जागी फासा. भारतात हे पटावरचे खेळ फाशांनीही खेळत आणि कवड्यांनीही. सहा कवड्या टाकून किती उताण्या पडल्या ते मोजलं, आणि प्रत्येक कवडी उताणी किंवा पालथी पडण्याची शक्यता सारखी धरली, तर एकूण ६४ शक्यता होतात. त्यातल्या २० मध्ये तीन कवड्या उताण्या पडतात. सगळ्या सहा उताण्या पडायची शक्यता ६४ पैकी फक्त १. एका फाशावर मात्र प्रत्येक आकडा सहात एकदा. खऱ्या कवड्या इतक्या समतोल नसतात, पण मुद्दा तोच राहतो. कवड्यांच्या खेळात मधले आकडे नेहमीचे आणि टोकाचे दुर्मीळ. फासा आला आणि ‘सहा’ची दुर्मिळता संपली. पट तोच दिसला तरी त्याची आतली चाल बदलली.

पचिशीचंही हेच झालं. १८९६ मध्ये इंग्लंडमध्ये ‘लुडो’चं पेटंट घेतलं गेलं, कवड्या गेल्या आणि एक फासा आला. ज्या ‘पच्चीस’ दानावरून खेळाचं नाव पडलं, ते दानच नव्या खेळात पडू शकत नाही.

ज्ञानचौपडचा थर

आता आपण भारतीय पटांपर्यंत आलो. उत्तर आणि पश्चिम भारतात याला ज्ञानचौपड किंवा ज्ञानबाजी म्हणत, मराठीत मोक्षपट. हातात असलेले जुने पट अठराव्या शतकापासूनचे आहेत. ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी रिचर्ड जॉन्सन १७८० ते १७८२ या काळात लखनऊला होता. त्याच्या संग्रहातला असा एक पट आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. दुसरा एक पट १८३१ मध्ये मेजर हेन्री डंडास रॉबर्टसन यांनी लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीला दिला. हे रॉबर्टसन पेशवाई बुडाल्यानंतर पुण्याचे कलेक्टर होते. इथे मोह होतो, नाही का? ‘म्हणजे पट पुण्याचाच!’ थांबा. वस्तू देणारा कुठे नोकरीला होता यावरून वस्तू कुठे बनली हे ठरत नाही. पटावरची भाषा, लिपी, घरांची नावं आणि चित्रशैली यांवरून ते ठरवायचं असतं.

या पटांचे प्रकार अनेक. वैष्णवांचा ७२ घरांचा, जैनांचा ८४ घरांचा, शिवाय सूफी पटही आहेत. म्हणजे एकच नियमांचा सांगाडा वेगवेगळ्या पंथांनी आपापल्या मोक्षमार्गासाठी वापरला. प्रत्येक घराला नाव असतं. खालच्या ओळींत काम, क्रोध, लोभ, मोह. वर जाल तसे लोक आणि अवस्था. भक्ती, ज्ञान, विवेक अशा गुणांवरून शिड्या निघतात.

७२ घरांच्या पटाची रचना जरा नीट बघा, कारण इथेच सगळी गोम आहे. नऊ घरांची एक ओळ, अशा आठ ओळी. जिथे पोचायचं ते वैकुंठ ७२ व्या घरात नाही. ते ६८ व्या घरात, वरच्या ओळीच्या बरोबर मध्यावर आहे. तुमचं दान जास्त पडलं तर तुम्ही वैकुंठ ओलांडून पुढे जाता. शेवटच्या, म्हणजे ७२ व्या घरात तमोगुण बसलेला आहे, आणि तिथला साप परत पृथ्वीवर आणून सोडतो. शेवटचं घर म्हणजे जिंकणं, हे इथे खरं नाही. फार पुढे गेलं तरी पडायला होतं.

आता ‘यात निवड नाही’ हा मघाचा आक्षेप घ्या. ज्ञानचौपडमध्ये दान म्हणजे कर्माचं फळ. ते या क्षणी तुमच्या हातात नसतं, हेच तर सांगायचं आहे. निवड नसणं हा इथे रचनेचा दोष राहत नाही, तो खेळाचा विषय बनतो. शिवाय प्रत्येक घराला नाव असल्यामुळे दोन दानांच्या मध्ये काहीतरी घडायला जागा असते: घराचं नाव वाचायचं, ते काय ते मोठ्यांनी सांगायचं, ‘बघ, मत्सराने कुठे आणून टाकलं’ म्हणायचं. घरांची नावं पुसून आकडे छापले की ही जागा गेली. नियम तसेच राहिले आणि त्यांचं कारण निघून गेलं. मग उरलेला खेळ पोकळ वाटू लागला, आणि आपण दोष नियमांना दिला.

गेमचा दुसरा भाग बनवणाऱ्यांसाठी सापशिडीचा धडा हाच आहे. एखादी गोष्ट सजावट म्हणून काढण्याआधी तिने दुसरं काय धरून ठेवलं होतं ते बघा. घरांची नावं सजावट वाटली, पण त्यांनीच त्या निवड नसलेल्या नियमाला अर्थ दिला होता.

तळ: नेवाशाचा दावा

आता आपण दाव्याजवळ आलो. परंपरा सांगते की ज्ञानेश्वर आणि निवृत्तिनाथ भिक्षेला जात, तेव्हा घरी राहणाऱ्या सोपान-मुक्ताईसाठी हा खेळ तयार झाला. हा दावा तपासताना कागदावर दोन रकाने करा.

पहिल्या रकान्यात ‘शक्य आहे का?’ हो, आहे. मराठी संतांनी खेळांतून अध्यात्म सांगितलं आहे, याबद्दल शंका नाही. तुकोबांच्या गाथेत हमामा, हुतुतू, फुगडी या खेळांवर अभंग आहेत. एकनाथांच्या भारुडांत फुगडी आहे. घरातली मुलं खेळतात त्या खेळाला मोक्षाची वाट जोडणं या परंपरेत अगदी बसतं.

दुसऱ्या रकान्यात ‘झालं याचा पुरावा आहे का?’ इथे ज्ञानेश्वरीशी तुलना करा. ग्रंथाच्या शेवटी शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० हे वर्ष येतं. गोदावरीच्या दक्षिण तीरावरचं ठिकाण, रामचंद्र यादवाचं राज्य आणि लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा यांचा उल्लेख येतो. पुढे एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ ला, वेगवेगळ्या प्रती बघून पाठ शुद्ध केला. एका ग्रंथामागे पुराव्याची अशी साखळी उभी आहे. मोक्षपटामागे ती नाही. ज्ञानेश्वरांचा काळ आणि हातात असलेले जुने पट यांच्यात चारशेहून जास्त वर्षांचं अंतर आहे.

शक्य असणं आणि सिद्ध होणं या दोन रकान्यांची सरमिसळ झाली की मेसेज तयार होतो. मग सिनॉप्सिसमध्ये लिहायचं काय? साधं वाक्य लिहा: ‘मराठी परंपरा मोक्षपटाचं श्रेय ज्ञानेश्वरांना देते. उपलब्ध पट अठराव्या शतकापासूनचे आहेत. ही परंपरा कधी आणि कशी रूढ झाली, हा प्रस्तुत अभ्यासाचा एक प्रश्न आहे.’ बघा, दावा फेकून दिला नाही आणि डोक्यावरही घेतला नाही. तो पुरावा म्हणून येत होता, त्याला प्रश्न केलं. समितीसमोर हे वाक्य टिकतं. आणि गावातल्या आजोबांना वाचून दाखवलं तरी त्यांचा अपमान होत नाही. स्थानिक इतिहासावर काम करणाऱ्याला ही दुसरी कसोटीही महत्त्वाची, कारण पोथ्या आणि जुने पट शेवटी त्यांच्याच घरच्या पेटाऱ्यात असतात.

दाव्याकडे ‘दुसरा भाग’ म्हणूनही बघता येतं. सापशिडी परदेशाहून नुसत्या आकड्यांची होऊन परत आली. तिला परत नाव, घर आणि अर्थ देण्याची गरज लोकांना वाटते. ‘हा आपल्या ज्ञानोबांचा खेळ’ या वाक्यात तेराव्या शतकाची माहिती किती आहे हे तपासावं लागेल. पण आपला खेळ आपल्याकडून गेला आणि अनोळखी होऊन परत आला, ही आजची जाणीव त्यात नक्की आहे. ती नोंदवणं हेही इतिहासाचंच काम.

संशोधनाचा दुसरा भाग

शेवटी तुमच्या कामाचं. संशोधनातही दुसरे भाग असतात. अँड्र्यू टॉप्सफील्ड यांनी १९८५ मध्ये भारतीय सापशिडीवर ‘आर्टिबस एशिए’ या नियतकालिकात मोठा लेख लिहिला. वीस वर्षांनी, २००६ मध्ये, मुंबईच्या मार्ग प्रकाशनाच्या भारतीय खेळांवरच्या ग्रंथात ते त्याच विषयाकडे परत आले. पुढे जेकब श्मिट-मॅडसेन यांनी कोपनहेगन विद्यापीठात ज्ञानचौपडवर पीएच.डी. केली, ती २०१९ ची. विषय तोच, पण ‘यावर आधीच झालंय’ म्हणून कुणी थांबलं नाही.

एम.ए.चा प्रबंधच वाढवून पीएच.डी. करायचं तुमच्या मनात असेल, तर तुम्हीही दुसरा भागच बनवताय. त्याच तीन याद्या करा. काय ठेवायचं? शक्यतो साधनं आणि नोंदी. काय काढायचं? पहिल्या वेळी ज्यावर प्रश्न विचारायचा राहिला असे निष्कर्ष. काय नवं घालायचं? निदान एक असं साधन, जे तुमच्या आवडत्या उत्तराला खोटं पाडू शकेल. आणि ‘रिसर्च गॅप’ शोधताना ‘यावर कुणी लिहिलं नाही’ एवढ्यावर थांबू नका. ‘यावर लिहिलेल्यांनी काय सजावट समजून सोडून दिलं’ हे विचारा. सापशिडीच्या बाबतीत ती सजावट म्हणजे घरांची नावं होती. तुमच्या विषयात वेगळं काहीतरी असेल: ताम्रपटाच्या शेवटचे शाप, दप्तराच्या समासातल्या खुणा, जात्यावरच्या ओवीतलं गावाचं नाव.

या आठवड्यासाठी एक सराव. तुमच्या भागातला एक दावा निवडा, ‘अमुक गोष्ट आमच्या गावात पहिल्यांदा झाली’ अशा प्रकारचा. त्याचं सगळ्यात अलीकडचं रूप शोधा: मेसेज, फलक, शाळेच्या स्मरणिकेतला लेख. मग एकेक थर खाली जा आणि प्रत्येक थराला तीन याद्या करा. तळापर्यंत पोचला नाहीत तरी चालेल. वरचे दोन थर नीट नोंदवलेत तर सिनॉप्सिसचं पहिलं पान तयार होईल. आणि मुलाखतीत ‘पुरावा काय?’ असं विचारलं, तर कोणता पुरावा कोणत्या थरातला आहे हे तुम्हाला सांगता येईल.